नागोजी अण्णा आणि न उतरलेला भाव

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचे नागोजी अण्णा कुणाला हात लावण्याआधी लोखंडाला हात लावतात. नळ, खिडकीचा गज, गेटची कडी, जे जवळ असेल ते. सुरुवातीला मला वाटलं, काही नवसबिवस असेल. मग एका लग्नात ते स्टेजवर चढले आणि नवऱ्या मुलाच्या हातात हात देण्याआधी त्यांनी मांडवाचा लोखंडी खांब दोन्ही हातांनी धरला. क्षणभर तसेच उभे राहिले. मुलाकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांचा भक्तिभाव बघून खांबाला नमस्कार केला आणि त्यांच्या मागच्या दोघींनीही केला.

मी घरी येताना विचारलं तेव्हा म्हणाले, "अंगात वीज साठते की. ती आधी जमिनीला द्यायची. न देता मदरबोर्डला हात लावला तर बोर्ड खलास."

"पण अण्णा, नवरा मुलगा म्हणजे मदरबोर्ड नव्हे."

"सवय आहे. आणि माणूस पण नाजूकच असतो की."

नागोजीराव मोरे हे त्यांचं पूर्ण नाव. घराणं बेंगळुरूत इतकं जुनं की मूळ गाव विचारलं तर ते इथलंच श्रीरामपुरम सांगतात. टेलिफोनच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले आणि एचएसआर लेआउटमध्ये फ्लॅट घेऊन राहिले. मुलगी म्हैसूरला, आपल्या संसारात. बायको रुक्मिणीअक्का आम्ही इथे येण्याआधीच गेल्या. मी पुण्याची. माझ्या मराठीला ते 'पेपरातली मराठी' म्हणतात आणि त्यांच्या मराठीत वाक्यागणिक एक कन्नड शब्द असतो, त्यामुळे पहिलं वर्षभर आम्ही दोघंही एकमेकांना मान देत होतो आणि अर्धवट समजत होतो.

अण्णांचा उद्योग एकच, लोकांना कंप्यूटर जोडून देणे. मदरबोर्ड एका दुकानातून, प्रोसेसर दुसऱ्या, मेमरीच्या पट्ट्या तिसऱ्या, आणि मग डायनिंग टेबलावर बसून हाताने जोडणी. मजुरी घेत नाहीत. कॉफी घेतात, ती मात्र वाटेल तितकी. तयार कंप्यूटर विकत घेणारा माणूस त्यांच्या लेखी घरात धडधाकट असून रोज खाणावळीचा डबा मागवणाऱ्यासारखा. अशा माणसाचं नाव ते जरा हळू आवाजात घेतात.

आमच्या लेआउटमधल्या निम्म्या घरांत अण्णांनी जोडलेला डबा आहे आणि कुणाच्या डब्यात काय बसवलंय हे त्यांना तोंडपाठ आहे. माणसांची नावं विसरतात, आतली मेमरी विसरत नाहीत. एकदा भाजीच्या गाडीवर एका गृहस्थांशी ते बराच वेळ बोलत होते. नंतर मी विचारलं कोण ते, तर म्हणाले, "नाव काय की. सोळाची एक पट्टी आहे त्यांच्याकडे, एक खाच रिकामी."

पण अण्णांचं खरं तत्त्वज्ञान जोडण्याचं नव्हतं, थांबण्याचं होतं. "स्वल्प थांबा की," हे त्यांचं ब्रीद. स्वल्प म्हणजे थोडं, पण अण्णांचं थोडं म्हणजे दोन-तीन सण. त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट बघितली होती, की कंप्यूटरच्या सामानाचा भाव उतरतो. आज घेतलं ते पुढच्या वर्षी अर्ध्या किमतीत मिळतं, म्हणून शहाण्याने थांबावं. हा नियम त्यांनी हळूहळू सगळ्या जगाला लावला. आंबे घ्यायला थांबायचे, आंबे संपायचे. फ्रीज घ्यायला इतके थांबले की रुक्मिणीअक्कांनी शेवटी माहेरून आणवला. मुलीच्या लग्नात म्हणे सोन्यासाठीही थांबून बसले होते. सोनं म्हणजे कंप्यूटर नव्हे, हे त्यांना व्याह्यांनी बसवून समजावलं.

दसऱ्याच्या सुमाराला माझी मुलगी मुक्ता त्यांच्याकडे गेली. ती ॲनिमेशन शिकते आणि शेवटच्या वर्षाला एक छोटी फिल्म स्वतः करून द्यायची असते. तिची फिल्म आमच्या जवळच्या अगर नावाच्या तळ्यावरच्या बगळ्यांची. संध्याकाळी अख्खा थवा तळ्यावर उतरतो, एवढीच गोष्ट. पण तिचा लॅपटॉप थवा बघितला की गरम व्हायचा आणि बंद पडायचा. आम्ही पैसे बाजूला ठेवले होते, तेवढ्यात दणकट मशीन बसत होतं. घ्यायचं तेवढं बाकी होतं.

"सणात घेणारा फसतो," अण्णा म्हणाले. "स्वल्प थांबा की. कॅबिनेट स्वस्त आहे, ते घेऊन ठेवू. बाकी सगळं संक्रांतीला. भाव उतरतोच."

तर आमच्या हॉलमध्ये रिकामं कॅबिनेट येऊन उभं राहिलं. एका बाजूला काच, आत काही नाही. कामाला येणाऱ्या लक्ष्मम्माने त्यात कांदे ठेवायला जागा चांगली आहे असं सुचवलं. माझ्या नणंदेने ते चपलांचं कपाट समजून कौतुक केलं आणि मी खुलासा केला नाही.

आणि मग भाव चढायला लागले. चढायला लागले म्हणजे कसे, तर आठवड्याला नव्हे, सकाळ-संध्याकाळ. सगळ्या जगातली मेमरी म्हणे एआयच्या मोठमोठ्या केंद्रांनी आधीच उचलली होती, आणि घरी टेबलावर कंप्यूटर जोडणाऱ्या माणसाला उरलंसुरलं. मेमरी महागली तशी बाकीचं सामानही महागलं. नवीन मदरबोर्डाला नवीन जातीची मेमरी लागते, ती परवडेना म्हणून लोक जुन्या जातीच्या बोर्डांमागे लागले, मग तेही महागले. अण्णा रोज सकाळी फोनवर भाव बघायचे आणि वर येऊन सांगायचे, "थांबा, उतरेल." त्यातला 'स्वल्प' कधी गळून पडला ते माझ्या लक्षात आलं नाही.

डिसेंबरात मी त्यांच्याबरोबर एस. पी. रोडला गेले. कंप्यूटरच्या सामानाची ती गल्ली म्हणजे अण्णांचं माहेर. एरवी तिथे त्यांना बसायला स्टूल मिळतं आणि भाव विचारण्याआधी कॉफी येते. त्या दिवशीही आली. ओळखीच्या दुकानदाराने मेमरीचा भाव सांगितला तेव्हा अण्णांना वाटलं, तो अख्ख्या मशीनचा सांगतोय. त्यांनी हसून म्हटलं, "बरंय की मग."

दुकानदाराने गैरसमज दूर केला. वर सांगितलं की हा भाव संध्याकाळपर्यंतच.

"सरी," म्हणजे बरं, असं अण्णा म्हणाले. "आम्ही पुढच्या महिन्यात येतो."

"या की अण्णा," तो म्हणाला. त्याने ते तुसडेपणाने म्हटलं नाही, उलट फार मायेने म्हटलं. "मी इथंच असेन. हा भाव नसेल."

परतीच्या बसमध्ये जागा रिकामी होती तरी अण्णा उभे राहिले आणि वरचा दांडा धरून राहिले. एचएसआर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बोलघेवडा माणूस गप्प बसला की फार वाईट दिसतं. संध्याकाळी वर आले आणि दारातच म्हणाले, "चूक माझी. जास्तीचं मी भरतो." मी आणि आमचे हे एकदमच नको म्हणालो. पुण्याच्या माणसाला फुकट सल्ला चालतो, त्याची भरपाई चालत नाही.

मुक्ता शहाणी पोर. ती म्हणाली, "अण्णा, टेन्शन नका घेऊ. मी थवा काढून टाकते. एकच बगळा ठेवते. एवढं लॅपटॉपवर होईल. आणि एकटा बगळा उलट आर्टिस्टिक वाटतो."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. "एकटा पक्षी आर्टिस्टिक नसतो, अक्का," ते म्हणाले. "नुसता एकटा असतो." मग खिडकीचा गज धरून जरा वेळ उभे राहिले. "थवा काढायचा नाही. संक्रांतीला म्हणालो होतो, संक्रांतीलाच मशीन उभं करतो. ठेवलेल्या पैशात."

कसं, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला खात्री होती की हे होणार नाही. संक्रांतीच्या सकाळी मी पोळ्यांच्या तयारीत असताना ते वर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि हातात स्टीलचा मोठा डबा. डब्यात एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तिळगूळ. तीळ, गुळाचे खडे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे आणि डाळं, सगळं कोरडं, मूठभर तोंडात टाकलं की बराच वेळ चावत बसावं लागतं. इकडे संक्रांतीला बायका हे घेऊन घरोघर जातात.

"स्कूटर काढा," अण्णा म्हणाले. "आज कुणाच्या तोंडून नाही निघत नाही. आधी द्यायचं, मग मागायचं."

"हे तुमचं तत्त्व आहे की कट?"

"नोडोण की," म्हणजे बघू या, असं म्हणून ते मागे बसले.

पहिलं घर शांताअक्कांचं. इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आम्ही आत पाय टाकतो तोच त्या म्हणाल्या, "बरं आलात, अण्णा. तो डबा पुन्हा घरघर वाजतोय." अण्णांनी कपाटाच्या कडीला हात लावला, कंप्यूटर उघडला आणि बाजूच्या पत्र्याचा एक स्क्रू आवळला. घरघर थांबली. आयुष्य कंप्यूटर जोडण्यात घालवलेल्या माणसाला एक स्क्रू नीट आवळता येऊ नये, याचं मला मनातून हसू आलं.

अण्णा आत हात धुवायला गेले तेव्हा शांताअक्का माझ्याशी बोलत बसल्या. "आधी रुक्मिणी यायची एळ्ळु घेऊन. हे बाहेर स्कूटरवर बसून राहायचे, आत यायचे नाहीत. ती गेली त्या संक्रांतीला कुणीच आलं नाही. बाईमाणूस कुणाच्याही दारात जाऊन बसते की. गडीमाणसाला काम लागतं." आणि मग सहज म्हणाल्या, "माझा भाचा म्हणत होता, मी आवळून देतो तो स्क्रू कायमचा. मी म्हटलं राहू दे." मला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझं लक्ष मेमरीकडे होतं.

शांताअक्कांच्या कंप्यूटरमध्ये जुन्या जातीच्या चांगल्या भक्कम तीन पट्ट्या होत्या. नातू गेम खेळायचा तेव्हा अण्णांनी बसवलेल्या. नातू आता हॉस्टेलला आणि शांताअक्का कंप्यूटरवर फक्त मालिका बघतात. अण्णांनी त्यांच्या हातावर एळ्ळु ठेवलं, त्या चावायला लागल्यावर विषय काढला. मालिकांना एक पट्टी पुरते, दोन मुक्ताला द्याल का, बदल्यात मोठ्या आवाजाचे स्पीकर आणून जोडतो. शांताअक्कांनी चावता चावता मान हलवली. वर अट घातली की थव्याची फिल्म पहिल्यांदा त्यांना दाखवायची.

मग त्यांनी मला पाटावर बसवलं. सवाष्ण रिकाम्या हाताने कशी जाईल? ताटात ऊस, केळी, साच्यातली साखरेची चित्रं आणि मधोमध त्या दोन पट्ट्या. मला हळदकुंकू लावलं आणि त्याच बोटाने पट्ट्यांनाही लावलं.

"हळद बेडा, अक्का, बेडा," म्हणजे नको, नको, म्हणत अण्णा धावले, पण उशीर झाला होता. दोन्ही पट्ट्या सौभाग्यवती झाल्या होत्या. त्यांनी त्या रुमालात गुंडाळल्या आणि पुढच्या घरापर्यंत माझ्या मागे बसून सोनेरी टोकांना हळद लागली तर काय होतं हे मला ऐकवत राहिले.

पुढचं घर बसवराजचं. घर वर, खाली त्याचा फोटो स्टुडिओ. खरी लढाई इथे होती. लग्नाच्या अल्बमसाठी अण्णांनी त्याला जोडून दिलेलं जबरदस्त मशीन आता नुसतं पडून होतं, कारण अल्बमचं काम तो बाहेर देतो. त्यातला मदरबोर्ड, प्रोसेसर आणि चित्रांचं कार्ड मिळालं तर शांताअक्कांच्या पट्ट्यांना अर्थ होता. नाहीतर आमच्याकडे हळद लागलेल्या दोन पट्ट्या आणि काचेचं कांद्याचं कपाट एवढंच उरणार होतं. आणि बसवराजने आल्या आल्या सांगितलं, की कालच एका गिऱ्हाईकाने त्या सामानाला दुप्पट भाव सांगितला आहे.

अण्णांनी ऐकून घेतलं. इथेही डबा घरघरत होता, इथेही एक स्क्रू आवळला. कॉफी प्यायली. मुलांची चौकशी केली. माझा जीव टांगणीला आणि हे म्हैसूरच्या हवेबद्दल बोलतायत. मग उठून त्यांनी बसवराजच्या हातावर चांगलं मूठभर एळ्ळु ठेवलं. त्याने तोंडात टाकलं तसे अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, "तू घेतलंस त्याच भावाला देतोस का? पोरीच्या फिल्मला पाहिजे."

बसवराजने बोलण्यासाठी बोट वर केलं. तोंड भरलेलं होतं, चावत राहिला. ते संपत आलं तसं अण्णांनी आणखी एक मूठ पुढे केली. सणाचं नाही म्हणता येत नाही, त्याने तीही घेतली. दारात उभी असलेली त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. त्या चावण्याच्या वेळात बसवराजने बहुधा बराच विचार केला, कारण तोंड मोकळं झाल्यावर तो भावाबद्दल बोललाच नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, स्टुडिओ उघडला तेव्हा पहिलं वर्षभर माझ्याकडे माणूस फिरकायचा नाही. अण्णा मात्र सारखे यायचे आणि पासपोर्ट फोटो काढून घ्यायचे." मग अण्णांना विचारलं, "एवढ्या फोटोंचं काय केलंत हो?"

"आहेत की घरात," अण्णा म्हणाले. "लागतील कधीतरी."

बसवराजने मशीन उचलून स्वतः टेबलावर आणलं. जुन्या भावाला.

परतताना आमची वरात बघण्यासारखी होती. मी पुढे, मागे अण्णा, त्यांच्या मांडीवर बोर्ड आणि कार्ड तान्ह्या मुलासारखं, आणि खांद्यावरून वर निघालेला शांताअक्कांचा ऊस. सिग्नलला थांबलो की अण्णा शेजारच्या स्कूटरवाल्यांना एळ्ळु वाटत होते. कितीतरी दिवसांनी त्यांची बडबड चालू झाली होती आणि मला ती ऐकावीशी वाटत होती.

दुपारी आमच्या डायनिंग टेबलावर जोडणी झाली. लक्ष्मम्मासुद्धा काम संपवून थांबली, कांद्यांची जागा गेल्याचं दुःख बाजूला ठेवून. अण्णांनी नळाला हात लावला, मुक्ताला लावायला लावला, मलाही लावायला लावला, जरी मी फक्त पोळ्या वाढत होते. सगळं बसलं. मुक्ताने बटण दाबलं. पंखा गरकन फिरला आणि थांबला.

पुन्हा दाबलं. फिरला, थांबला. अण्णांचा चेहरा एस. पी. रोडवर झाला होता तसा झाला. मग त्यांनी एकदम मुक्ताकडे खोडरबर मागितलं, मेमरीच्या पट्ट्या काढल्या आणि त्यांची सोनेरी टोकं हळूहळू घासायला लागले. पांढरं खोडरबर पिवळं झालं.

"शांताअक्का," एवढंच म्हणून त्यांनी पट्ट्या परत बसवल्या.

पंखा फिरला आणि फिरत राहिला. स्क्रीन उजळला. मुक्ताने आपली फिल्म चढवली, लॅपटॉपला न झेपलेले सगळे बगळे घातले आणि आम्ही बघत राहिलो. तळ्यावर संध्याकाळ झाली आणि एका कोपऱ्यातून पांढरा थवा आला, एकदासुद्धा न अडखळता, आणि पाण्यावर उतरला. लक्ष्मम्माने टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. जगातली सगळी मेमरी उचलणाऱ्या त्या केंद्रांना आमच्या नागोजी अण्णांनी दोन मुठी तिळगुळावर हरवलं होतं, आणि मला तो आनंद बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन ओरडून सांगावासा वाटत होता.

मुक्ता नमस्कार करायला वाकली. अण्णा घाईने खिडकीपाशी गेले, गज धरला आणि मग परत येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी कॉफी आणायला आत गेले. कप घेऊन दाराशी आले तेव्हा मुक्ता कुणाला तरी फोनवर थव्याबद्दल सांगत होती आणि अण्णा कॅबिनेटचा पत्रा बंद करत होते. त्यांनी सगळे स्क्रू घट्ट आवळले. शेवटचाही आवळला. मग मुक्ताची पाठ आहे ना ते बघितलं आणि तो शेवटचा स्क्रू अलगद उलटा फिरवून सैल केला.

माझ्या हातात कप तसेच राहिले. शांताअक्कांची घरघर, बसवराजची घरघर, लेआउटमधल्या निम्म्या घरांतली घरघर, सगळी एकदम माझ्या लक्षात आली. गडीमाणसाला काम लागतं, हेही. भरून आलं, ते मी कॉफीच्या वाफेवर ढकललं आणि मोठ्याने पाय वाजवत बाहेर गेले.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी आमचं मशीन वाजायला लागलं. मुक्ता म्हणाली, "आई, काही नाही, पत्रा सैल झालाय. मी करते." तिने स्क्रूड्रायव्हर काढलाही होता. मी तो तिच्या हातातून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या खणात, लाटण्याच्या मागे ठेवून दिला. मग दूध गॅसवर चढवलं आणि खाली फोन लावला.

"अण्णा, जरा घरघर येतेय हो. सवडीने या."

"येतो की," ते म्हणाले.

आयुष्यभर सगळ्या जगाला थांबायला सांगणारा तो माणूस दूध वर यायच्या आत आमच्या दाराशी होता. बेल वाजायच्या आधी मला बाहेरच्या लोखंडी दाराची कडी वाजलेली ऐकू आली.